डोंगराचं गिऱ्हाईक

आजी डोंगर विकल्याची गोष्ट सांगायची ती नेहमी आजोबांच्या माघारी. डोंगर म्हणजे गोव्यात डिचोलीकडच्या आमच्या घरामागची चढण. वर काजू, खाली कुळागर, मधे झर. पोफळी, केळी, मिरवेली, सगळं त्या झरीवर. कर्ज फेडायला आजोबांना चढण विकायची होती आणि गिऱ्हाईक मिळत नव्हतं. काजूच्या खडकाळ उताराला कोण पैसे मोजणार?

मग एक दिवस हातोडा घेतलेला माणूस आला. त्याने एक दगड उचलून आजोबांच्या हातावर ठेवला. आजी सांगायची, दगड मुठीएवढाच, पण हात एकदम खाली गेला आणि तळवा लालेलाल झाला. आजोबांना वाटलं, नशीब उघडलं.

पण तो दगड त्यांचा नव्हताच. पोर्तुगिजांच्या १९०६ च्या कायद्याने जमीन एकाची आणि तिच्या पोटातलं खनिज दुसऱ्याचं, असं होऊ शकत होतं. खनिज शोधणाऱ्याने ते सरकारदरबारी नोंदवायचं, कन्सेशनचा कागद मिळवायचा आणि दरवर्षी कर भरत राहायचं. मुदतीचं बंधन नव्हतं. हे कागद हातोहात फिरत. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानचे पोलाद कारखाने पुन्हा सुरू झाले, त्यांना गोव्याचं लोहखनिज हवं होतं, आणि १९५० नंतर या कागदांना भलताच भाव आला. आमच्या चढणीचा कागद केव्हाच दुसऱ्याच्या नावावर झाला होता.

आजोबांकडे उरली ती वरची माती. तिचं गिऱ्हाईक एकच, खालचा दगड ज्याचा तो. दुसरा कोणी ती कशाला घेईल? त्यामुळे भावही त्यानेच सांगितला. आजोबांना लोक भोळे म्हणत, ते मला आजही लागतं. एकच गिऱ्हाईक असलेल्या बाजारात हुशार माणसानेही दुसरं काय केलं असतं?

सुरुवातीला खाणीवर पिकास आणि पाट्या होत्या. बायका डोक्यावरून खनिज वाहायच्या. ते मांडवीतून बार्जने मुरगावला जाई. पावसाळ्यात आग्वादपाशी नदीचं तोंड खवळलं की कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरीत उतरावं लागे. आजीला ही वाट तोंडपाठ होती, मुरगाव तिने कधी पाहिलं नव्हतं तरी. पुढे यंत्रं आली आणि खड्डे भूजलाच्या पातळीखाली गेले.

इथे आजीचं म्हणणं आणि भूगर्भशास्त्र एक होतं. गोव्यातल्या भुसभुशीत लोहखनिजाच्या थरांतच पाणी साठतं. खनिज काढायचं तर ते पाणी पंपाने उपसून टाकावं लागतं. आजी म्हणायची, "आम्ही माती विकली, दगड आमचा नव्हता, मग झर कोणी विकली?" इश्क्रितुरीत, म्हणजे विक्रीच्या कागदात, पोफळी मोजल्या होत्या, काजूची झाडं मोजली होती. झरीचा उल्लेख नव्हता. कुळागराचं पाणी माघातच तुटू लागलं, तेव्हा दाद मागायला आजोबांकडे कागदच नव्हता.

१९८७ च्या कायद्याने ती कन्सेशनं रद्द होऊन भाडेपट्टे झाले. २०१२ मध्ये खाणी थांबल्या. मग सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या निकालात हे पट्टे २००७ मध्येच संपल्याचं ठरवलं, आणि त्यांचं पुन्हा झालेलं नूतनीकरण २०१८ मध्ये रद्द केलं. त्या वर्षी गावातल्या ट्रकवाल्यांची चूल खरोखर थंड झाली. त्यांना खाण हवी आहे, आणि त्यांचं म्हणणं मी खोटं मानत नाही.

आता खनिजाचं गिऱ्हाईक सरकार लिलावातून शोधतं. डिचोलीचा ब्लॉक २०२२ च्या डिसेंबरात गेला. घरं, देवळं, तळी ब्लॉकमधून वगळा, अशी तिथल्या शिरगाव गावच्या लोकांची मागणी आहे. माझे काका आमच्या वाड्यावर फिरून विहिरींची आणि झरींची यादी करताहेत: सर्व्हे नंबर, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकतं, त्यावर कोणाचं कुळागर उभं आहे. ती पंचायतीच्या ठरावाला जोडून खाण खात्याकडे पाठवायची, आणि पोच घ्यायची, असं त्यांनी ठरवलं आहे.