बादल्यांची रांग : 'ॲनालॉग डिले' ह्या संज्ञेविषयी

मुळशी तालुक्यातील नांदे येथे मोकळ्या रानात कोणी गिटारीची तार छेडली, तर तो स्वर 300 सहस्रांश सेकंदांनी परत ऐकू येण्यासाठी समोर सुमारे 51 मीटरांवर भिंत किंवा कडा असावयास हवा. ही भिंत पायाने दाबावयाच्या लहानशा पेटीत बसविण्याचा खटाटोप गेल्या शतकात झाला. अशी पेटी आज बहुधा 'ॲनालॉग' हा शब्द वाचून विकत घेतली जाते. म्हणून त्या शब्दाचा अर्थ तपासणे अगत्याचे आहे.

प्रारंभी हे काम चुंबकीय फितीने होई. 1959 चे 'एकोप्लेक्स' व 1974 चे रोलँडचे 'स्पेस एको' ही त्याची प्रसिद्ध उदाहरणे. परंतु फीत झिजे आणि यंत्रही अवजड असे. 1969 मध्ये फिलिप्स कंपनीच्या संशोधनशाळेतील सँगस्टर व टेअर ह्यांनी निराळी युक्ती मांडली. आग विझविताना माणसांची रांग बादल्या हातोहात पुढे देते, तद्वत् विद्युत्भार एका धारित्रातून पुढच्या धारित्रात सरकवावयाचा. म्हणून तिचे नाव 'बकेट ब्रिगेड'. मात्सुशिताच्या एमएन 3005 ह्या चिपमध्ये अशी 4096 घरे होती. बॉस कंपनीचे 'डीएम-2' हे 1981 चे पेडल ह्याच तत्त्वावरचे. त्याचा विलंब 20 पासून 300 सहस्रांश सेकंदांपर्यंत.

येथे एक गोष्ट सहसा दुर्लक्षिली जाते. ह्या रांगेतही काळाचे तुकडे पडतातच. फक्त बादलीतील पाणी मोजून त्याचा आकडा लिहिला जात नाही. 'ॲनालॉग' ह्याचा अर्थ येथे एवढाच. हे विशेषणही व्यावर्तक आहे. अंकीय विलंबयंत्रे ध्वनिमुद्रणगृहांत 1971 च्या सुमारास आली आणि त्याच दशकात एमएक्सआरने आपल्या पेडलला 'ॲनालॉग डिले' म्हटले. दुसऱ्या जातीची अंडी बाजारात आल्यावाचून 'गावरान' म्हणावे लागत नाही.

ह्या पेडलच्या नादाला 'ऊबदार' म्हणण्याची प्रथा आहे. मला तो शब्द फसवा वाटतो, कारण मूळ गोष्ट हिशेबाची आहे. 4096 घरांतून 300 सहस्रांश सेकंद काढावयाचे, तर दर सेकंदाला सुमारे 6,800 नमुनेच घेता येतात. म्हणजे 3,400 हर्ट्झच्या वरचे सारे आधीच गाळावे लागते. जुन्या दूरध्वनीची मर्यादा जवळपास हीच होती, आणि तीवर 'स' व 'फ' ह्यांची गल्लत कशी होई हे ध्वनिशास्त्राच्या विद्यार्थ्यांस सांगणे नको. गिटारीच्या मूलस्वरांना एवढा पट्टा पुरतो. बोथटतो तो नखीचा आघात. त्यामुळे पडसाद मूळ स्वराशी न भांडता मागे सरतो. यंत्राचे वैगुण्यच वादकाच्या पथ्यावर पडले.

मिनिटाला 100 मात्रांच्या लयीत अर्धी मात्रा बरोबर 300 सहस्रांश सेकंदांची होते. तेव्हा पडसाद दोन मात्रांच्या मधोमध पाडणे ह्या पेडलला साधते, पूर्ण मात्रेवर पाडणे नाही. पुनरावृत्तीची कळ फार पुढे नेल्यास पडसाद विरण्याऐवजी वाढत जाऊन पेडल आपणहून घुमू लागते.

निवडताना नावावर विसंबू नये. 'ॲनालॉग' म्हणून खपणाऱ्या कित्येक स्वस्त पेडलांत पीटी 2399 ही चिप असते आणि ती स्वर अंकांतच साठविते. तिचा नाद वाईट असतो असे नाही; पण ती बादल्यांची रांग नव्हे. उलट 2014 च्या 'डीएम-2डब्ल्यू'मध्ये बॉसने खरी रांगच पुन्हा योजिली आणि विलंब 800 पर्यंत नेला. दुकानात विलंब सर्वांत लांब ठेवून बारीक तार एकदाच छेडावी, आणि तिसरा-चौथा पडसाद कसा काळवंडतो ते ऐकावे.