हिरव्या भुकटीची कुळकथा

आतड्याचा रोगट भाग काढून उरलेली दोन टोकं जोडली, की सर्जनची झोप उडते. जोड गळला तर मळ पोटात पसरतो. टोकाला रक्त पोचतंय का, हे पूर्वी आतड्याचा रंग बघून, कापलेल्या कडेचं रक्त बघून आणि बोटाला लागणाऱ्या ठोक्यावरून ठरायचं. मग दुर्बीण आली: १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी भारतात पहिल्यांदा दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. आज कांदिवलीत ‘दुर्बिणीचं ऑपरेशन’ म्हटलं की कुणी दचकत नाही. पण या पद्धतीत बोट पोटाबाहेरच राहिलं.

त्या बोटाची उणीव भरून काढायला आलेला रंग मात्र दुर्बिणीपेक्षा जुना. हृदय मिनिटाला किती रक्त फेकतं, हे मोजायला मेयो क्लिनिकमधल्या अर्विन फॉक्स आणि अर्ल वुड यांना १९५० च्या दशकात रंगद्रव्य हवं होतं. रक्तात ऑक्सिजन कमी-जास्त झाला की जुन्या रंगांचं मोजमाप चुके. ८०० नॅनोमीटरच्या आसपास मात्र ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं रक्त सारखाच प्रकाश शोषतं. तिथे चालणारा रंग मिळाला कोडॅक या फोटोफिल्म कंपनीच्या प्रयोगशाळेत: इंडोसायनिन ग्रीन. अमेरिकेत १९५९ साली त्याला मान्यता मिळाली. यकृत तो रक्तातून उचलून पित्तात टाकतं, म्हणून यकृताच्या तपासणीतही तो शिरला. पुढे डोळ्याच्या पडद्यामागच्या रक्तवाहिन्या दाखवू लागला.

आतड्यापर्यंत यायला त्याला अर्धं शतक लागलं. तो उजळतो तो अवरक्त प्रकाशात, माणसाच्या डोळ्याला न दिसणाऱ्या. तो टिपणारा कॅमेरा दुर्बिणीत बसल्यावर काम सोपं झालं. २५ मिलिग्रॅमची कुपी, गडद हिरवी भुकटी, निर्जंतुक पाण्यात विरघळवून शिरेत द्यायची. मिनिटभरात रक्त असलेलं आतडं पडद्यावर हिरवं लखलखतं, उपाशी भाग काळा राहतो. गंमत म्हणजे हा हिरवा रंग यंत्राने भरलेला. भुकटीच्या हिरवेपणाशी त्याचा संबंध नाही.

पण म्हणून जोड गळायचे थांबले का? २०१५ च्या अमेरिकी अभ्यासात हा रंग बघून सुमारे ८ टक्के रुग्णांत कापायची जागा वगैरे बेत बदलला. २०२१ च्या एका चाचणीत मात्र गळती घटली नाही. २०२३ च्या जपानी चाचणीत ती ११.८ वरून ७.६ टक्क्यांवर आली. जोड नुसत्या रक्ताअभावी गळत नाही, आणि किती उजळलं म्हणजे पुरे, हे बहुतेक ठिकाणी अजून सर्जन नजरेनेच ठरवतात.