जेवणानंतरचा गोळा

कर्जत-खालापूरच्या वाड्यांवरून येणारी एक तक्रार डॉक्टरांच्या ओळखीची आहे. जेवलं की थोड्या वेळाने पोटात गोळा फिरतो, कळ येते, गुरगुरतं आणि मग एकदम मोकळं वाटतं. खोदून विचारलं तर संध्याकाळची कणकण आणि उतरलेलं वजनही निघतं. कशेळ्याच्या किंवा चौकच्या ग्रामीण रुग्णालयातला जाणता डॉक्टर अशा वेळी पेशंटला आडवं करून बेंबीच्या उजवीकडे, खाली हात दाबून बघतो. लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं ती ही जागा. आतड्याच्या क्षयाचं आवडतं ठिकाण.

हीच तक्रार १८९२ मध्ये फ्रान्झ क्योनिग या जर्मन सर्जनने नोंदवली. त्याआधी दहा वर्षं, २४ मार्च १८८२ ला, रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू जाहीर केला होता. पण जिवंत माणसाच्या आतड्यात तो दिसणार कसा? कळ कधी उठते आणि कधी ओसरते, हे ऐकण्यावरच सारी मदार होती. कळेचं कारण सरळ आहे. गिळलेल्या बेडक्यातून किंवा कच्च्या दुधातून जंतू आतड्यात उतरतात. (दूध उकळूनच प्यायच्या आपल्या सवयीने दुसरी वाट बरीचशी बंद केली, हे आपल्या आज्यांचं श्रेय.) त्यांनी केलेले व्रण आतड्याला आडवे वेढतात आणि भरताना आवळतात. अरुंद झालेल्या त्या जागेतून अन्न रेटताना आतडं पिळवटतं.

क्ष-किरण १८९५ मध्ये आले, पण त्यांत आतडं नीट उठून दिसेना. १९१० च्या सुमारास बेरियम सल्फेट पाजायला सुरुवात झाली. खडूच्या पाण्यासारखं पांढरं, बेचव द्रव प्यायचं आणि तासातासाने फोटो काढत बसायचं. एड्वार्ड श्टीर्लिनने १९११ मध्ये या फोटोंत एक गंमत पाहिली. लहान आतड्याचं टोक भरलेलं, पुढचं मोठं आतडंही भरलेलं, मधला अंधांत्राचा, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीचा, भाग मात्र रिकामा! सुजलेला, चिडलेला तो भाग बेरियम टिकूच देत नाही, पुढे ढकलतो. मला ही खूण फार हुशार वाटते: रोग दिसला तो रिकाम्या जागेवरून.

पण १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रोन आणि सहकाऱ्यांनी त्याच जागेचा, क्षय नसलेला आजार मांडला आणि सगळ्याच खुणा संशयात सापडल्या. आपल्याकडे हा पेच जास्त अवघड. दिल्लीच्या टंडन आणि प्रकाश यांनी १९७२ मध्ये कापून काढलेली आतडी तपासून दोन्ही आजारांतला फरक मांडला. मुंबईचे सर्जन भन्साली यांनी १९७७ मध्ये पोटाच्या क्षयाच्या ३०० रुग्णांचा अनुभव छापला. पुढे सीटी स्कॅनने आतड्याबाहेरच्या गाठी दाखवल्या. मधोमध सडलेली, कडेने उजळणारी गाठ दिसली की पारडं क्षयाकडे झुकतं. मात्र ती दिसली नाही म्हणून क्षय नाही, असं म्हणता येत नाही.

सोनोग्राफी कर्जतला किंवा खोपोलीत होते. कोलोनोस्कोपी (दुर्बिणीची तपासणी) आणि आतड्याच्या तुकड्याच्या तपासणीसाठी बहुतेकांना पनवेल नाहीतर मुंबई गाठावी लागते. तो तुकडा क्षयाचे जंतू शोधणाऱ्या, गोव्यात तयार होणाऱ्या ट्रूनॅट यंत्रात घातला तरी आतड्यात जंतू इतके थोडे असतात की निकाल नकारार्थी येऊ शकतो. कल्चरला कित्येक आठवडे. मग डॉक्टर क्षयाची औषधं सुरू करतात आणि दोनेक महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून व्रण भरले का बघतात. भरले तर क्षयाचं निदान पक्कं होत जातं. नुसतं बरं वाटणं पुरत नाही, कारण क्रोनच्या रुग्णालाही या औषधांनी काही काळ उतार पडू शकतो.

नेमकी ही दुसरी दुर्बीणच हुकते. दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेलं कातकरी कुटुंब पावसाच्या तोंडावर परततं. गोळ्या सोबत नेता येतात, भट्टीवरच्या मुकादमाकडून सुट्टी मिळवणं कठीण. आणि पोट तोवर दुखायचं थांबलेलं असतं.