मागच्या दहा सेकंदांची कुळकथा

समजा, रात्री दोनच्या सुमाराला भंडारा जिल्ह्यातल्या सिहोऱ्याच्या बाजारातल्या एखाद्या कृषी केंद्राच्या शटरला कुणी हात घातला. कॅमेऱ्याला हालचाल कळली आणि चित्रण जपून ठेवायचा हुकूम सुटला. सकाळी मालकानं फुटेज उघडलं तर सुरुवातीला दिसतो नुसता रिकामा रस्ता. माणूस त्यानंतर येतो. हुकूम सुटला तो माणूस आल्यावर. मग तो येण्याआधीचा रस्ता कॅमेऱ्याजवळ आला कुठून?

कॅमेरा मागचे काही सेकंद सतत साठवत असतो. त्या साठ्याला बफर म्हणतात. भंडारा जिल्ह्याला हा शब्द वाघामुळे ओळखीचा: 2013 साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला, आणि गाभ्याभोवतीच्या जंगलाला सगळे बफर म्हणू लागले. त्याआधी तो रेल्वेच्या डब्याच्या टोकाला होता, धक्का सोसायला. कॅमेऱ्यातही तो धक्काच सोसतो, वेगातल्या फरकाचा. चित्र अखंड येत राहतं, ते लिहून घेणारं कार्ड किंवा डिस्क अधूनमधून अडखळते.

मला आधी आपली बोडी, म्हणजे छोटं तळं, आठवली होती. कोहळी समाजानं बांधलेल्या तलावांच्या या मुलखात साठवण म्हटलं की पाळ आणि सांडवाच डोळ्यांपुढे येतो. पण तलाव भरला की नवं येणारं पाणी सांडव्यावरून जातं, आणि कॅमेऱ्यात जावं लागतं ते जुनं. इथे शोभतं ते राहाटगाडगं. गाडगी ठरावीक, फेरा अखंड. शेवटचं भरलं की पुन्हा पहिल्याची पाळी, आणि त्यातलं जुनं पुसून त्यावर नवं.

या युक्तीचा एक मोठा पूर्वज विमानात सापडतो. 1953 च्या मे महिन्यात कोलकात्याहून उडालेलं कॉमेट जातीचं जेट विमान काही मिनिटांतच वादळात कोसळलं. कॉमेटच्या अपघातांचा शोध घेणाऱ्यांमध्ये ऑस्ट्रेलियाचे डेव्हिड वॉरन होते. त्यांच्या मनात आलं, शेवटच्या घडीला वैमानिक काय बोलत होते तेवढं कळलं असतं तर! त्यांनी केलेल्या यंत्रात पोलादी तारेवर चार तासांचं बोलणं राही आणि त्यामागचं आपोआप पुसलं जाई. अपघात कधी होणार हे ठाऊक नसतं, म्हणून सतत लिहायचं आणि सतत विसरायचं. सिहोऱ्यातल्या कॅमेऱ्याचं शहाणपण हेच आहे.

आवाज मात्र हलका असतो, चित्र फार जड. 1920 बाय 1080 ठिपक्यांची एक कच्ची फ्रेम सुमारे 3.1 एमबीची होते. सेकंदाला 25 फ्रेम धरल्या तर दहा सेकंदांना जवळजवळ 778 एमबी. कॅमेऱ्याच्या इवल्याशा मेमरीला हे झेपणारं नाही. तेच चित्रण आधी आकसून घेतलं, सेकंदाला 4 मेगाबिटवर आणलं, तर दहा सेकंद 5 एमबीत मावतात. म्हणून राहाटगाडग्यात कच्चं चित्र भरायचंच नाही, आकसलेलंच भरायचं.

आकसण्याचीही कुळी आहे. सबंध चित्र न पाठवता मागच्या चित्रातून बदललं तेवढंच पाठवावं, ही कल्पना रे केल यांच्या 1929 च्या ब्रिटिश पेटंटात आहे. दुसरा धागा आपल्या देशातल्या माणसाचा, आणि तो मला विशेष जिव्हाळ्याचा वाटतो: बंगळूरला जन्मलेले नासिर अहमद. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी 1974 साली डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म हे चित्र आकसायला लागणारं गणित मांडलं. पुढे चित्रण आकसण्याची मानकं आली, 1988 चं एच.261 आणि 2003 चं एच.264, दोन्ही या दोन धाग्यांवर विणलेली.

पण फरकच साठवायचा म्हटलं की एक अडचण उभी राहते. फरक कशातला? मधली एखादी फ्रेम सुटी काढली तर तिला अर्थ नसतो. तिच्याआधी एक पूर्ण फ्रेम लागते, की-फ्रेम. ती दर दोन सेकंदांनी येत असेल, तर तिच्यानंतरच्या 49 फ्रेम तिच्याच आधारानं उभ्या असतात. म्हणून जुनं पुसताना एकेक फ्रेम पुसून चालत नाही. की-फ्रेम आधी गेली की उरलेला घोळका नुसता करडा चिखल दिसतो. पुसायचं तर पुढच्या की-फ्रेमपर्यंतचा अख्खा गट एकदम. दहा सेकंद हवे असतील तर बारांची जागा राखायची. नव्यानं आकसायचं नाही, उचलून दुसरीकडे ठेवायचं नाही. कोणती फ्रेम कुठे सुरू होते याची लहानशी वही तेवढी ठेवायची. या कामातली खरी काटकसर मला इथेच दिसते.

सिहोऱ्यात दुकानांखेरीज पोलीस ठाणंही आहे. 2 डिसेंबर 2020 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं देशातल्या प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावायला सांगितले आणि चित्रण 18 महिने, निदान वर्षभर तरी, जपायला सांगितलं. तिथे दहा सेकंदांवर भागत नाही: सेकंदाला 4 मेगाबिटच्या वरच्याच हिशेबानं एका कॅमेऱ्याचे दिवसाला 43 जीबी, वर्षाला जवळजवळ 16 टीबी. फेरा तोच, फक्त तो डिस्कवर फिरतो आणि गाडगी फार मोठी होतात.

आणि मग पाऊस येतो. बांध्या भरतात, दिव्याभोवती किडे घोंगावतात, प्रत्येक थेंबामुळे फ्रेम मागच्या फ्रेमहून वेगळी होते. फरक वाढला की आकसलेलं चित्रणही फुगतं. मेगाबिटांचा वेग बांधून दिलेला नसेल तर 5 एमबीत दहा सेकंद मावत नाहीत, समजा सहाच मावतात. आणि शटरपाशी कुणी येण्याआधीचा रस्ता नेमका त्या उरलेल्या चारांत असतो. म्हणून जाणता कारागीर बफर कोरड्या रात्रीच्या मापानं कधी बांधत नाही, श्रावणातल्या रात्रीच्या मापानं बांधतो.