नांगराची खबर

लहान कारखानदाराने अथवा दुकानदाराने आपला माल चित्रफितीत दाखवावा, आणि दूरच्या गिऱ्हाइकाने तो हातातील मोबाइलच्या पडद्यावर पाहून मागवावा, ही रीत अगदी अलीकडची होय. यूट्यूब हे चित्रफितींचे भांडार २००५ साली निघाले. आपल्याकडे खेड्यापाड्यांतून ते पाहणे परवडू लागले ते २०१६ नंतर. परंतु या रीतीच्या मुळाशी असलेला प्रश्न मात्र फार जुना आहे. ज्याने वस्तू हाताळली नाही, त्याच्या मनात तिच्याविषयी विश्वास कसा उत्पन्न करावा? कृष्णाकाठच्या एका कारखान्याला हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच पडला होता, आणि त्याने तो शाई व कागद यांच्या साहाय्याने सोडविण्याचा यत्न केला.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ चा. चित्रकला शिकण्यास ते मुंबईस गेले. पण रंगांतील भेद डोळ्यांस नीट कळेना, म्हणून यंत्रांच्या आकृती काढण्याकडे वळले. १८८८ साली त्यांनी बेळगावास सायकलींचे दुकान घातले, पुढे कडबा कापण्याची यंत्रे केली, आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार केला. नांगर उत्तम होता; घेणारा मात्र कोणी नव्हता. लोखंड जमिनीत गेले म्हणजे जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर दोन वर्षे पडून राहिले.

या समजुतीस अडाणीपणा म्हणून हसणे सोपे आहे. पण ज्याच्या घरची वर्षाची भाकरी एका हंगामावर अवलंबून असते, त्याने परक्याच्या शब्दावर आपली जमीन पणास का लावावी? शहरातील मनुष्य फसला तर त्याचे चार रुपये जातात. शेतकरी फसला तर त्याचे साल जाते. त्याचा संशय हा त्याचा विमाच होता म्हणाना!

नांगर खपू लागला तो एका निराळ्याच कारणाने. कृष्णाखोऱ्यातील काळी जमीन उन्हाळ्यात दगडासारखी होते. लाकडी नांगरास तेथे बैलांच्या अनेक जोड्या लागत, आणि इतके करूनही तो माती केवळ फाडी; पालथी करीत नसे. लोखंडी नांगराच्या फाळामागील वाकडा पत्रा मातीचे ढेकूळ उचलून उलटे टाकी, त्यामुळे हरळीच्या मुळ्या वर येऊन उन्हाने वाळत. ज्याच्या शेतात हरळी माजली आहे त्याला याहून अधिक काय सांगावे? शेजारी बांधावर उभा राहून उलटलेले ढेकूळ पाही, आणि घरी जाऊन विचारात पडे. खरी जाहिरात ती होती. मात्र तिची मर्यादा बांधापुरतीच.

बेळगावची जागा सोडावी लागल्यावर औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात, कुंडल रोड स्टेशनाजवळ, बत्तीस एकर जमीन दिली. निवडुंगांनी भरलेल्या त्या माळावर १९१० च्या मार्चमध्ये किर्लोस्करवाडी वसली. सभोवार सातारा जिल्हा होता. १९४९ साली तो भाग दक्षिण साताऱ्यात आला, आणि १९६० पासून त्या जिल्ह्यास सांगली हे नाव मिळाले.

वाडीहून माल दूरदूर जाऊ लागला, तेव्हा बांधाची जाहिरात अपुरी पडली. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव हे चित्रकलेचे शिक्षण घेतलेले गृहस्थ. त्यांनी १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ काढली. एजंट व गिऱ्हाईक यांना कारखान्याची व मालाची माहिती कळवावी, एवढाच तिचा आरंभीचा हेतू. परंतु नुसती किंमतपत्रके कोण वाचणार? म्हणून मजकुराची कक्षा रुंदावत गेली, आणि नांगरासाठी निघालेले पत्र माजघरातही वाचले जाऊ लागले. १९२९ मध्ये नावातील ‘खबर’ गळाली, ‘किर्लोस्कर’ उरले. १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ ही मासिके त्याच छत्राखाली निघाली. यात मराठी वाचकांचा लाभ मोठा झाला. परंतु व्यापाराच्या दृष्टीने एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. वाचक वाढला म्हणजे गिऱ्हाईक वाढलेच असे नाही. मासिक घरोघर गेले, त्या प्रत्येक घरी शेत थोडेच होते! नांगराने आणि १९२६ साली आलेल्या पंपाने शेतावर आपले काम चोख केले म्हणूनच त्या छापील शब्दाला वजन राहिले.

त्याच काळात चित्राला चालते करण्याची विद्याही महाराष्ट्रात आली होती. दादासाहेब फाळक्यांना ‘राजा हरिश्चंद्र’ साठी भांडवल हवे होते. सावकाराची खात्री पटावी म्हणून १९१२ साली त्यांनी वाटाण्याच्या अंकुराची वाढ टप्प्याटप्प्याने टिपून एक लहानसा चित्रपट केला, आणि बीजातून वेल होताना पडद्यावर दाखविला. भांडवल मिळाले. धंद्यासाठी चित्रफीत वापरण्याचे याहून जुने मराठी उदाहरण शोधू लागल्यास श्रम पडतील.

आज साताऱ्याचा कंदी पेढे करणारा, तासगावचा बेदाणेवाला किंवा सांगलीचा हळदीचा व्यापारी यांस स्वतःचे मासिक काढावे लागत नाही, की फाळक्यांसारखा कॅमेरा विलायतेहून आणावा लागत नाही. हळद शिजवणे, वाळवणे, घासून चकचकीत करणे, हे सारे पाच मिनिटांत जगास दाखविता येते. पण पडद्यावरचा पिवळा रंग वाढविणेही तितकेच सोपे झाले आहे, आणि दूरच्या गिऱ्हाइकाला बांधावर उभे राहता येत नाही. पहिले पार्सल त्याच्या घरी उघडते तेव्हाच तो खरा बांधावर येतो. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिच्या चित्रफिती आता परदेशीही पाहिल्या जातात. तेथील बाजारात मात्र सौद्याच्या वेळी खरेदीदार ढिगातील एक हळकुंड उचलतो, मोडतो, आतला रंग पाहतो, आणि मग भाव बोलतो.