दोन माणसांच्या करवतीपासून ग्राइंडरपर्यंत

यंदाच्या पावसात आमच्या वाळपईच्या परसातला फणस आडवा झाला. नातवाने लगेच मोबाइलवर चार इंची ग्राइंडर आणि त्याला बसणारे दातेरी पाते शोधले. "आजोबा, स्वस्तात काम होतंय!" मी नाही म्हटले. का, ते सांगतो.

आमच्या लहानपणी सत्तरीत ओंडके हातानेच चिरत. ओंडका उंच घोडीवर चढवायचा, रंगात बुडवलेल्या सुताने रेघ मारायची. मग एकजण वर, दुसरा खाली. खालच्याच्या डोळ्यांत दिवसभर भुसा. किंदळीसारखे लाकूड असले तर विचारूच नका. काम रडतखडत चाले, पण हात थांबला की करवतही थांबे.

पुढे वीज आली, यंत्रे आली. 1972 मध्ये सरकारने गरिबांसाठी चार टक्के व्याजाची कर्जयोजना काढली आणि आम्ही बँकवाले कारागिरांच्या दारी जाऊ लागलो. 1980च्या सुमारास एका मेस्ताला गोल पात्याच्या यंत्रासाठी कर्ज मीच मंजूर केले. पाहणीला गेलो तेव्हा पात्यावरचे झाकण कोपऱ्यात पडलेले. विचारले, तर म्हणाला, "तें लायल्यार रेघ दिसना, सायबा." मी हसलो आणि अहवालात 'यंत्र चालू स्थितीत' असे लिहिले. फॉर्मात झाकणाचा रकाना नव्हता ना!

काही महिन्यांनी ओले लाकूड चिरताना फट मिटली, पात्याला चिमटा बसला आणि फळी उसळली. उजव्या हाताची दोन बोटे गेली. विमा होता, पण यंत्राचा. हप्ते मात्र त्याने एकही चुकवला नाही. शेवटच्या पावतीवर डाव्या हाताने सही केली, माझ्यासमोर.

तेव्हापासून मी यंत्रांबद्दल वाचत आलो. लाकडाच्या गोल करवतीत पात्यामागे एक पातळ पट्टी असते, ती चिरलेली फट मिटू देत नाही. ग्राइंडरला ती नसतेच. जर्मनीत 1954 मध्ये तो आला तो धातू घासण्या-कापण्यासाठी. मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फेरे. हातातली गोल करवत साधारण पाच हजार फिरते. बहुतेक ग्राइंडरचे बटण सरकवून अडकवलेले असते, त्यामुळे हातातून निसटला तरी फिरतच राहतो. दातेरी पाते लाकडात अडकले की तो थेट अंगावर येतो. आणि हातमोजे घालून फिरत्या पात्याजवळ जाऊ नये, मोजाच हात ओढून नेतो. हे नातवाला पटवायला अर्धा तास गेला.

बुंध्याला चेन सॉ, तीही सरावाच्या माणसाच्या हातात, आणि टोक कशालाही न टेकवता. सरळ फळीला गोल करवत, पाते लाकडाखाली जेमतेम एक दात दिसेल एवढेच. वळणाला जिगसॉ. ग्राइंडर लोखंडाला.

बुंध्याचे तुकडे शेजारगावच्या चेन सॉवाल्याने करून दिले. सॉ मिलवाला सोमवारी टेंपो पाठवणार आहे. नातू विचारतोय, फळ्यांचा झोपाळा करायचा का?