काळोखातील दोन संसार

श्रोतेहो, बिली वाइल्डर यांचा १९४४ सालचा ‘डबल इन्डेम्निटी’ हा अमेरिकन चित्रपट मी प्रथम पाहिला, तेव्हा मनात आले की, हे घर आपण पूर्वी कोठेतरी पाहिले आहे. भिंतीवर झडपांच्या पट्ट्यापट्ट्यांच्या सावल्या. उतारवयाचा पती, त्याची दुसरेपणाची तरुण पत्नी आणि पहिल्या घरची वयात आलेली कन्या. हा संसार मी ‘प्रभात’च्या १९३७ सालच्या ‘कुंकू’त पाहिला होता!

‘कुंकू’ची कथा नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून घेतलेली. आपट्यांचा जन्म १८८९ सालचा, सांगलीजवळच्या समडोळीचा. पुढे त्यांनी बिऱ्हाड केले ते सातारा जिल्ह्यातील कोरेगावी.

हा काळोख दोहोंकडे आला कोठून? १९३३ साली शांताराम ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रतींसाठी जर्मनीस गेले, आणि त्याच वर्षी हिटलरची सत्ता येताच वाइल्डर यांनी बर्लिन सोडले. छायाप्रकाशाची जर्मन विद्या एकाच सुमारास पुण्यास आली आणि हॉलिवुडासही गेली. शांतारामांच्या १९३४ सालच्या ‘अमृतमंथना’त ती प्रथम दिसली, त्याचीही कथा आपट्यांच्याच ‘भाग्यश्री’वरची. अमेरिकेतील अशा पटांना फ्रेंच टीकाकारांनी ‘काळे चित्रपट’ हे नाव दिले ते १९४६ साली.

परंतु साम्य येथेच संपते. अमेरिकन चित्रपटात पत्नी विम्याच्या पैशांसाठी पतीचा घात करविते, आणि तिचा साथीदार आरंभीच गुन्हा कबूल करतो. ‘कुंकू’त कोणीच कायदा मोडीत नाही. वर तर स्वतः वकील! १९२९ च्या शारदा कायद्याने वधूचे किमान वय चौदा ठरविले. वराच्या म्हातारपणास मात्र मर्यादा घातली नाही. नीरा कोणाचा जीव घेत नाही. फसवून लावलेले हे लग्न मी मानीत नाही, एवढेच ती म्हणते. त्या एका नकाराने वृद्ध पतीला स्वतःचा अपराध दिसतो आणि अखेर तो आपलेच आयुष्य संपवितो.

एक चित्रपट विचारतो, गुन्हा कसा घडला? दुसरा विचारतो, ज्याला गुन्हा म्हणतच नाहीत, त्याचा जाब कोणी द्यावा? पहिल्या प्रश्नाचे उत्तर पोलीस देतात. दुसऱ्याचे उत्तर घराघराला द्यावे लागते. आणि म्हणूनच, श्रोतेहो, कोरेगावच्या लेखणीतून उतरलेला काळोख मला अधिक गडद वाटला.